दहा गुंठे चिनी मातीच्या बिया

आज जरा लांब जाऊ या, लंडनला. पण तिथे जाऊन बघायच्या आहेत त्या सूर्यफुलाच्या बिया, त्यामुळे परक्या गावी आल्यासारखं वाटायचं नाही.

लंडनमध्ये थेम्स नदीच्या काठी विटांची एक भली मोठी इमारत आहे. पूर्वी ते वीजघर होतं. १९८१ साली ते बंद पडलं आणि २००० साली तिथेच नव्या काळातल्या कलेचं संग्रहालय सुरू झालं. त्याचं नाव टेट मॉडर्न. वीज तयार करणारी यंत्रं ज्या दालनात होती, ती यंत्रं काढली आणि दालन तसंच मोकळं ठेवलं. लांबी सुमारे दीडशे मीटर, उंची ३५ मीटर. दहा मजली इमारत आत उभी राहील एवढं. त्याला टर्बाइन हॉल म्हणतात. आत यायला तिकीट नाही. कुणीही यावं, बसावं, पोरं खेळवावीत. दरवर्षी एका कलाकाराला बोलवायचं आणि सांगायचं, एवढी जागा आहे, यात मावेल असं काहीतरी मोठं करून दाखव. खर्चाला युनिलिव्हर कंपनी होती. तिचे साबण आणि शाम्पूच्या पुड्या आपल्या गावच्या दुकानात माळेसारख्या लटकलेल्या असतात, तीच.

ऑक्टोबर २०१० मध्ये ही जागा चीनच्या आय वेईवेई या कलाकाराला मिळाली. (आपल्याकडे आय म्हणजे आई. त्यांच्याकडे ते आडनाव आहे, आणि आडनाव आधी लावतात.) लोक आत आले तर समोर पुतळा नाही, चौथरा नाही. जमिनीवर सूर्यफुलाच्या बिया पसरलेल्या. हजार चौरस मीटर जागा आणि त्यावर १० सेंटिमीटरचा थर. आपल्या हिशोबात सांगायचं तर दहा गुंठे रान आणि वर चार इंच बी. संख्या दहा कोटी, वजन १५० टन, म्हणजे दीड हजार क्विंटल. दहा टनी ट्रक लावले तर पंधरा ट्रक भरतील.

आपल्याकडे सूर्यफूल १९७० च्या आसपास तेलासाठी म्हणून आलं. सोलापूर, लातूर, धाराशिवकडच्या मैत्रिणींनी ते पेरलंय, कापलंय, काठीने बडवलंय. पुढे बऱ्याच रानात त्याची जागा सोयाबीनने घेतली, तरी ते काळं-पांढरं पट्ट्यांचं बी कुणी विसरलेलं नसेल. लंडनमधलं बी हुबेहूब तसंच होतं. फक्त दाताखाली धरलं असतं तर दात गेला असता. प्रत्येक बी चिनी मातीचं होतं, भट्टीत भाजलेलं आणि माणसाने हाताने रंगवलेलं. दहा कोटींपैकी प्रत्येक.

याला शिल्प म्हणायचं की आणखी काही, यावर जाणकार पुष्कळ बोलतात. ते त्यांनी बोलावं. आम्हाला या ढिगात रस आहे तो वेगळ्या कारणाने. एवढ्या बिया रंगवल्या कुणी, आणि त्या रंगवणाऱ्या हातांचा मागचा इतिहास काय, हे विचारायला गेलं की हजार वर्षं मागे जावं लागतं.

आधी ‘चिनी माती’ हा शब्दच घ्या. आपण रोज म्हणतो, चिनी मातीची बरणी, चिनी मातीची कपबशी. वस्तू ज्या देशातून आली त्याचं नाव आपल्या भाषेने जपून ठेवलंय. (आपली लोणच्याची पिवळी-पांढरी बरणी मात्र बहुधा आपल्याच देशातल्या भट्टीतली असते, आणि अस्सल चिनी मातीपेक्षा जाड आणि भरड.) अस्सल माल समुद्राने येत असे. रायगड जिल्ह्यातल्या चौलच्या जुन्या बंदरात खोदकाम झालं तेव्हा चिनी भांड्यांच्या खापऱ्या सापडल्या आहेत. म्हणजे कोकण किनाऱ्यावर कित्येक शतकांपूर्वी कुणाच्या तरी हातून चिनी ताटली फुटली आणि कुणाला तरी बोलणी बसली असणार.

आपला कुंभार मडकं करतो ती माती लाल-काळी. ती कमी आचेत भाजते, मडक्याच्या अंगातून पाणी पाझरतं, म्हणून तर आतलं पाणी गार राहतं. चिनी मातीचं तसं नाही. त्यात एक पांढरी माती आणि एका जातीच्या दगडाची भुकटी मिसळतात. पांढऱ्या मातीला केओलिन म्हणतात. गाओलिंग नावाच्या टेकडीवरून हे नाव पडलं. आपल्या सिंधुदुर्गातही ही माती सापडते. हे मिश्रण जवळजवळ १३०० अंशांपर्यंत तापवलं की ते काचेसारखं एकजीव होतं. पाण्याचा थेंब झिरपत नाही, टिचकी मारली की किणकिणतं, आणि भांडं पातळ असेल तर उजेडात आरपार दिसतं. ही विद्या चीनने शेकडो वर्षं आपल्याजवळ ठेवली. युरोपातल्या राजांना ती १८ व्या शतकाच्या सुरुवातीला जमली.

गाओलिंगची टेकडी जिंगडेझेन या गावाजवळ आहे. दक्षिण चीनच्या जिआंगशी प्रांतातलं हे गाव. तिथे हजार वर्षांहून जास्त काळ एकच धंदा चालला, चिनी मातीची भांडी. १००४ साली तिथल्या सम्राटाला ही भांडी इतकी आवडली की चालू कालखंडाचं नाव त्याने गावाला देऊन टाकलं. पुढे तिथे खास राजदरबारासाठी भट्ट्या लागल्या. दरबारी भांडं उलटं केलं की बुडाशी निळ्या अक्षरांत शिक्का दिसतो. अमुक घराण्याच्या अमुक सम्राटाच्या काळात बनवलं, असा. बनवणाऱ्याचं नाव तिथे नसतं.

आणि बनवणारा एक नसेच. सोंग यिंगशिंग नावाच्या एका चिनी लेखकाने १६३७ साली वेगवेगळ्या उद्योगांवर पुस्तक लिहिलं. त्यात तो म्हणतो की साधा एक पेला तयार व्हायला बहात्तर कामं करावी लागतात. १७१२ साली तिथे राहिलेल्या एका फ्रेंच पाद्र्यानेही घरी पत्र लिहून कळवलं की एक भांडं सत्तर माणसांच्या हातांतून जातं. एकजण फक्त काठावरची रेघ काढतो, दुसरा फुलं रेखाटतो, तिसरा त्यात रंग भरतो. डोंगर काढणारा निराळा, पाखरं काढणारा निराळा. युरोपला कारखान्याची कामवाटणी नवी वाटत होती त्याच्या कितीतरी आधी जिंगडेझेनमध्ये ती रोजची बाब होती. आम्ही बीएला इतिहास घेतला होता. त्यात राजे होते, तह होते, गव्हर्नर जनरल होते. काठावरची रेघ काढणारा माणूस आम्हाला तिथे भेटला नाही.

कारागिरांपैकी एकाचं नाव मात्र गावाने राखलं. ते कसं, तेही ऐका. १५९९ च्या सुमारास दरबाराला ड्रॅगनचं चित्र असलेले मोठाले रांजण हवे होते. रांजण भट्टीत तडकायचे. वसुलीला आलेल्या अधिकाऱ्याने कामगारांना उपाशी ठेवलं, मारहाण केली. तेव्हा तोंग बिन नावाच्या कारागिराने पेटत्या भट्टीत उडी घेतली. दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली तर रांजण अखंड निघाले, असं तिथे सांगतात. पुढे त्याचं देऊळ बांधलं आणि कारागीर त्याला भट्टीचा देव म्हणून पुजू लागले. दंतकथेत भर पडत जाते हे आपल्याला माहीत आहे. पण हजारो कारागिरांतून नाव कुणाचं उरलं, तर जळून गेलेल्याचं, हे मनातून जात नाही.

राजे गेले. १९४९ नंतर कम्युनिस्ट सरकार आलं आणि खासगी भट्ट्या एकत्र करून सरकारी कारखाने झाले. कामगारांना पगार, घर, सोयी मिळू लागल्या. १९९० नंतर धोरण फिरलं, मोठे सरकारी कारखाने एकामागून एक बंद पडले आणि हजारो लोक घरी बसले. हातात पिढ्यान्पिढ्यांची कला होती, पण गिऱ्हाईक स्वस्त, साच्याच्या, छापील नक्षीच्या मालाकडे गेलेलं. आपल्या आठवडी बाजारात ‘चायना माल’ म्हणजे काय समजतात ते सांगायला नको. त्याच चायना मालाने चीनमधल्या हातकामाचंही कंबरडं मोडलं.

अशा गावात एक विचित्र मागणी आली. सूर्यफुलाच्या बिया करायच्या, दहा कोटी.

मागणी करणाऱ्या माणसाची गोष्ट थोडक्यात सांगतो. आय वेईवेईचा जन्म १९५७ चा. वडील आय छिंग हे चीनचे मोठे कवी. सरकारच्या मर्जीतून उतरले म्हणून १९५८ साली त्यांना बायकोपोरांसह दूर हाकलून दिलं. उत्तर-पश्चिमेच्या वाळवंटी भागात या कवीने कित्येक वर्षं सार्वजनिक संडास साफ केले. मुलाने हे बघत बालपण काढलं. त्या काळात चीनभर माओ या नेत्याची चित्रं लावलेली असत. चित्रात माओ म्हणजे सूर्य, आणि जनता म्हणजे त्याच्याकडे तोंड करून उभी असलेली सूर्यफुलं. दुसरीकडे खरी सूर्यफुलाची बी म्हणजे गरिबाचा खाऊ. आपल्याकडे चार माणसं जमली की फुटाणे-शेंगदाणे निघतात, तशा तिकडे खिशातून या बिया निघत. दातांनी टरफल फोडायचं, दाणा खायचा, उरलेल्या बिया शेजारच्याच्या हातावर ठेवायच्या. टंचाईच्या दिवसांतही एवढं देणं परवडायचं. म्हणजे एकच वस्तू, पण तिच्यात नेत्यापुढे माना वळवलेली जनताही आहे आणि एकमेकींना मूठभर काहीतरी देणारी माणसंही आहेत. लंडनमधल्या बिया दुरून बघितल्या की करडी जमीन दिसे. वाकून बघितलं की एकीसारखी दुसरी नसे.

आता काम कसं झालं ते बघू. दगड डोंगरातून काढायचा, कुटायचा, भुकटीचा गारा करायचा, बी घडवायची, भाजायची, रंगवायची, पुन्हा भाजायची. छोट्यामोठ्या मिळून वीस-तीस पायऱ्या. गावातले आणि आसपासचे सोळाशे लोक अडीच वर्षं यावर होते. रंगवण्याचं काम बहुतेक बायकांकडे होतं. काही जणी कार्यशाळेत लांब टेबलांभोवती बसून करायच्या, काही जणी पिशव्या भरून घरी न्यायच्या आणि स्वयंपाक, पोरं, म्हातारी माणसं सांभाळून करायच्या. डाव्या चिमटीत बी, उजव्या हातात बारीक कुंचला. एका अंगाला तीन-चार फटकारे, बी उलटली की दुसऱ्या अंगाला तेवढेच. झाली की पाटीत टाकायची.

आपण गटाच्या बायका आहोत, हिशोब केल्याशिवाय राहवत नाही. दहा कोटी भागिले सोळाशे, म्हणजे माणशी साडेबासष्ट हजार बिया. सगळ्यांनी रंगकाम केलं नसणार, त्यामुळे रंगवणारीच्या वाट्याला याहून जास्तच आल्या असणार. एका बीला कमीत कमी सहा फटकारे धरले तर साडेबासष्ट हजारांचे झाले पावणेचार लाख. एका बाईच्या मनगटाचे. सगळ्या मिळून साठ कोटी.

सोलापूरच्या मैत्रिणींना हे ऐकताना विड्या आठवल्या असतील. तंबाखूची पिशवी घरी आणायची, पानं भिजवायची, कातरायची, सुपात बसून वळायच्या, आणि मजुरी हजार विड्यांमागे. मध्येच चुलीवरचं दूध बघायचं. घरबसल्या काम म्हणजे सोयीचं काम, असं बाहेरचा माणूस म्हणतो. ज्या करतात त्यांना माहीत आहे की घरी काम आलं की घराला सुट्टी राहत नाही. जिंगडेझेनच्या बाया बिया रंगवताना काय बोलत असतील, त्याची चव आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

एवढं हातकाम मुद्दाम कशाला, यंत्राने छापल्या असत्या तर काय बिघडलं असतं, असा प्रश्न कुणीही विचारेल. यंत्राने केल्या असत्या तर त्या ढिगाकडे बघायला कुणी आलं नसतं, एवढंच त्याचं उत्तर. अडीच वर्षं सोळाशे माणसं या कामात होती, हेच त्या ढिगाचं मोल होतं.

बोटी भरून माल लंडनला गेला आणि १२ ऑक्टोबर २०१० पासून दालन लोकांसाठी उघडलं. बेत असा होता की लोकांनी बियांवरून चालावं, बसावं, लोळावं. लोकांनी ते मनापासून केलं. खळ्यावर पोरं राशीत जशी उड्या मारतात तशी लंडनची पोरं बियांत खेळली. चालताना खडीवर पाय पडल्यासारखा आवाज व्हायचा. हे दोन-तीन दिवस चाललं. मग संग्रहालयाने चालणं बंद केलं. हजारो पायांखाली बिया एकमेकींवर घासून बारीक धूळ उडत होती, आणि ती वरचेवर छातीत गेली तर अपाय होऊ शकतो असा सल्ला त्यांना मिळाला होता. दोरी बांधली. पुढचे महिने लोकांनी कडेला उभं राहून किंवा वरच्या पुलावरून बिया बघितल्या. पुष्कळ जण हिरमुसले. वर्तमानपत्रांतून टीकाही झाली.

आम्ही इथे थोडं थांबणार आहोत. दगडाची बारीक धूळ वर्षानुवर्षं श्वासातून आत गेली की फुप्फुसं आतून कडक होत जातात. त्या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. झालेलं नुकसान भरून येत नाही. दगडखाणी, खडी क्रशर, चिनी मातीचे कारखाने, जिथे जिथे असा दगड फुटतो, कापला जातो किंवा दळला जातो, तिथे हा आजार जुनाच आहे. क्रशरवर जाणारं माणूस तुमच्या घरात किंवा शेजारी असेल आणि त्याला महिनोन्महिने कोरडा खोकला असेल, चढावर धाप लागत असेल, तर टीबीच्या तपासणीसोबत डॉक्टरांना कामाचं ठिकाण जरूर सांगा. टीबी समजून औषधं चालू राहतात आणि मूळ कारण धुळीत राहून जातं, असं पुष्कळदा होतं. तोंडाला पदर बांधल्याने ही धूळ थांबत नाही. धुळीवर पाणी मारणं आणि नीट बसणारा मास्क, हे मालकाकडून मागायला हवं.

लंडनच्या संग्रहालयाने केलं ते बरोबरच केलं. आलेल्या माणसाची काळजी घ्यायलाच हवी. ओल्या कुंचल्याने बी रंगवणाऱ्या बाईला दगड कुटणाऱ्याएवढी धूळ लागत नाही, हेही खरं. पण पाहुण्याच्या दोन तासांची धूळ जगभरच्या वर्तमानपत्रांत गाजली. दगड कुटणाऱ्यांच्या पिढ्यांनी हजार वर्षं जी धूळ गिळली तिची बातमी कधी झाली नव्हती, हे आम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आता नावाची गोष्ट. कामाच्या पाटीवर कलाकार म्हणून नाव एकच, आय वेईवेई. सोळाशे जण जगात ओळखले जातात ते १६०० या आकड्याने. आय वेईवेईने त्यांना लपवलं नाही, हे कबूल केलं पाहिजे. त्यांच्या कामाची फिल्म काढली, ती संग्रहालयात ढिगाशेजारीच दाखवली. तिच्यात गावातल्या बाया रंगवताना दिसतात, बोलतात. पुष्कळ कलाकार एवढंही करत नाहीत. इतरांच्या हातून काम करून घ्यायचं आणि हात पडद्याआड ठेवायचे, अशी मोठमोठ्या कलाकारांची रीत आहे.

पण याच माणसाच्या आयुष्यातली एक दुसरी गोष्ट आहे, तिच्यामुळे आमच्या मनात ही तक्रार राहते. १२ मे २००८ रोजी चीनच्या सिचुआन भागात मोठा भूकंप झाला. शाळांच्या कच्च्या बांधकामाच्या इमारती कोसळल्या आणि हजारो मुलं गेली. सरकार नावं सांगेना, आकडा सांगेना. तेव्हा आय वेईवेईने स्वयंसेवक गोळा केले, गावोगाव पाठवले, आणि घराघरांत विचारून पाच हजारांहून जास्त मुलांची नावं, वयं, शाळा लिहून काढल्या. ती यादी भिंतभर लावली. स्वयंसेवकांना पोलिसांनी अडवलं, त्याला स्वतःला मार बसला. नुसता आकडा सांगितला की माणूस त्यात बुडून जातो, एकेक नाव लिहिलं की तो परत वर येतो, हे त्याच्याइतकं कुणाला कळलं असेल? म्हणून सोळाशेंचीही नावं त्याने दालनाच्या भिंतीवर ठसठशीत लावायला हवी होती, असं आम्हाला वाटतं. भिंत दीडशे मीटर लांब होती. जागेची अडचण नव्हती.

बिया लंडनमध्ये पसरलेल्याच होत्या तेव्हा, ३ एप्रिल २०११ रोजी, बीजिंगच्या विमानतळावर चिनी पोलिसांनी आय वेईवेईला पकडलं. कुठे ठेवलंय ते घरच्यांनाही कित्येक दिवस कळलं नाही. ८१ दिवसांनी, २२ जूनला, तो सुटला. मधल्या काळात टेट मॉडर्नने इमारतीच्या माथ्यावर मोठमोठी अक्षरं लावली होती, आय वेईवेईला सोडा, अशी. नदीपलीकडून वाचता येत होती. जगभर त्याच्या नावाने मोर्चे निघाले, सह्या झाल्या. नाव माहीत असण्याचा हा उपयोग असतो. ज्याचं नाव कुणाला माहीत नाही त्याच्यासाठी अक्षरं कुणी आणि कोणती लावायची?

पैशाचंही सांगून टाकतो, कारण ते विचारल्याशिवाय तुम्ही आम्हाला सोडणार नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये अशाच बियांचा १०० किलोचा एक वेगळा ढीग लंडनमध्ये सदबीज या लिलावघरात विकला गेला. किंमत आली ३,४९,२५० पौंड. त्या वेळच्या दराने अडीच कोटी रुपयांच्या आसपास, म्हणजे किलोला अडीच लाख. पुढे २०१२ साली टेट मॉडर्नने मूळ कामातल्या सुमारे ८० लाख बिया कायमच्या विकत घेतल्या, वजन जवळपास १० टन. मूळचा दहा गुंठ्यांचा पसारा २ मे २०११ लाच आवरला होता. जिंगडेझेनमधलं काम तर त्याच्याही आधी संपलं होतं. अडीच वर्षं हाताला काम होतं, मग नव्हतं.

आमच्या प्रभागाच्या एका बैठकीत आम्ही हे सगळं सांगितलं. नुसतं ऐकून घेतील असं वाटलं होतं, पण वाद पेटला. मसाल्याचं युनिट चालवणारी एक ताई म्हणाली, कल्पना त्याची, पैसा त्याने उभा केला, जेलात तो गेला, मग नाव त्याचंच लागणार. घर गवंडी बांधतो, पण पाटी मालकाची लागते ना? दुसरी म्हणाली, घरात मालक राहतो तरी. या बियांत कोण राहतं? त्या तर नुसत्या दाखवायच्या आहेत, मग केल्या कुणी हेच तर दाखवायचं असतं. आपल्या पापडाच्या पाकिटावर गटाचं नाव असतं, लाटणाऱ्या बाईचं नसतं, ते का, असं तिसरीने मध्येच विचारलं. मग बोलणं बिया सोडून पापडाकडे गेलं. तो विषय अजून मिटलेला नाही. दोन गटांनी पाकिटाच्या मागच्या बाजूला नावं छापायचं ठरवलंय, एका गटात त्यावरून अबोला आहे.

कोपऱ्यात एक आजी बसल्या होत्या. ७२ च्या दुष्काळात त्यांनी रोजगार हमीवर खडी फोडलेली. इतका वेळ त्या गप्प होत्या. वाद जरा थांबल्यावर म्हणाल्या, आमचं नाव मस्टरवर होतं बाई. रोज संध्याकाळी मुकादम मोठ्यानं वाचायचा. माझं नाव सगळ्यांसमोर कुणी मोठ्यानं घेतलं ते आयुष्यात तेवढंच. मग त्यांनी विचारलं, त्या चीनच्या बायांचं मस्टर असेल की कुठंतरी?